न केलेल्या कामाचा हिशोब

एखाद्या राखीव जंगलात वणवा पेटतो, दुष्काळात हरणे मरतात किंवा तलाव गवताने भरून जातो, आणि दोन-चार दिवसांत तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, टँकरने पाणी न्या, चारा टाका, काहीतरी करा. दुसरी बाजू म्हणते, निसर्गाला त्याचे काम करू द्या, माणसाने हात लावला की बिघडतेच. पहिल्या बाजूला कळवळा आहे, दुसरीला तत्त्व आहे, आणि दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. तरीही हा वाद कुठेच पोचत नाही, कारण दोघांनी एकच गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते. राखीव क्षेत्र म्हणजे माणसाचा हात न लागलेला तुकडा, आणि आता फक्त हात लावायचा की नाही एवढेच ठरवायचे, असे दोघेही मानतात. माझे म्हणणे असे की सर्वांत मोठा हस्तक्षेप हद्द आखली त्याच दिवशी होऊन गेलेला असतो. त्यानंतर काहीच न करणे हाही एक निर्णय आहे. त्याचे परिणाम जमिनीवर दिसतात, मोजता येतात, आणि केलेल्या कामाचा जाब जसा आपण विचारतो तसाच न केलेल्या कामाचाही विचारला पाहिजे.

ब्रिटनमधल्या ‘लार्ज ब्लू’ नावाच्या निळ्या फुलपाखराचे जे झाले ते या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यावे. हे फुलपाखरू कमी होत चालले तेव्हा संशय संग्राहकांवर गेला, कारण जाळी घेऊन फिरणारी माणसे डोळ्यांना दिसत होती. त्याच्या उरल्यासुरल्या कुरणांना राखीव दर्जा मिळाला, आणि संग्राहकांना अडवायला कुंपणेही घातली गेली. संग्राहक बाहेर राहिले, पण त्यांच्याबरोबर चरणारी जनावरेही बाहेर राहिली. फुलपाखरू राखीव कुरणांतूनही जात राहिले आणि १९७९ साली ते ब्रिटनमधून नामशेष झाले. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी कारण शोधून काढले तेव्हा फार उशीर झाला होता. या फुलपाखराचा सुरवंट पहिले दोन-तीन आठवडे थाइम या बुटक्या सुगंधी झुडपाच्या फुलांवर काढतो. मग तो जमिनीवर उतरतो, आणि लाल मुंग्यांची एक विशिष्ट जात त्याला आपलीच अळी समजून वारुळात घेऊन जाते. तिथे तो दहा-एक महिने मुंग्यांच्या अळ्या खाऊन वाढतो. या मुंगीला उबदार माती लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेले की जमिनीवर सावली पडते, माती दोन-तीन अंशांनी थंड होते, ती मुंगी मागे हटते आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या येतात, ज्यांच्या वारुळात सुरवंट सहसा जगत नाही. त्यात १९५०च्या दशकात सशांमध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि गवत खुडणारे ससेही गेले. फुलपाखरू, मुंगी आणि थाइम हे तिघेही कोणाच्या तरी दातांवर जगत होते, आणि संरक्षण करणाऱ्यांनी नेमके ते दातच बाहेर ठेवले.

हा अपवाद समजू नये. नकाशावर रेघ मारली की रेघेच्या आतली जमीन वाचते, पण ती जमीन घडवणारी कामे बहुतेक वेळा रेघेच्या बाहेरून येत असतात. नदीचा पूर आता वरच्या धरणात अडतो. वीज पडून लागलेली आग पूर्वी दूरवरून चालत यायची, आता ती रस्त्याशी आणि शेताशी थांबते. कळप पावसामागे निघून जायचे आणि तेवढे महिने गवताला उसंत मिळायची, आता ते वाटेतल्या तारेला धडकून परत फिरतात. मोठा शिकारी प्राणी तर बहुतेक ठिकाणी उद्यान होण्याआधीच संपवलेला असतो. जीवशास्त्रज्ञ विल्यम न्यूमार्क यांनी १९८७ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा सस्तन प्राण्यांच्या कितीतरी जाती उद्यान जाहीर झाल्यानंतर तिथून नाहीशा झाल्याचे दिसले, आणि उद्यान जितके लहान तितकी ही गळती मोठी होती. म्हणजे कायद्याने राखलेला तुकडाही सुटा पडल्यावर आतून झिजत जातो. मग अशा तुकड्याला ‘आहे तसे राहू द्या’ म्हणण्याचा अर्थ काय? तो आहे तसा राहतच नाही.

अस्पर्श निसर्गाचे उदाहरण म्हणून टांझानियातल्या सेरेंगेटीचे नाव नेहमी घेतले जाते, म्हणून तिथला इतिहास जरा सविस्तर सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुळकांडीची साथ पूर्व आफ्रिकेत पोचली. गुरे मेली, पशुपालक उपासमारीने खचले, आणि रानातले विल्डबीस्ट, म्हणजे मोठ्या कळपांनी चरणारे कुरंग, तेही मेले. पुढची कित्येक दशके हा रोग विल्डबीस्टच्या वासरांना मारत राहिला. मग उद्यानाच्या बाहेर, आसपासच्या पाळीव गुरांना लस टोचण्यात आली. उद्यानातल्या एकाही प्राण्याला सुई लागली नाही. रोग हटला आणि १९६१च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ले, उन्हाळ्यात जळायला वाळके गवत कमी उरले, आगींचे क्षेत्र घटले, आणि जी रोपटी दरवर्षी जळून जात होती ती मोठी होऊ लागली. गवताळ प्रदेशात झाडे वाढली ती एका लशीमुळे. शिवाय याच उद्यानातून १९५९ साली मसाई लोकांना त्यांच्या गुरांसकट बाहेर काढले गेले होते. आज पाहणाऱ्याला जे दृश्य आदिम वाटते त्यात ब्रिटिश प्रशासन, पशुवैद्यक आणि विस्थापन या तिन्हींचा हात आहे. सेरेंगेटी त्यामुळे कमी सुंदर ठरत नाही. पण ‘माणसाने न लावलेला हात’ दाखवायला ते नाव वापरता येत नाही.

आता समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे, आणि ते थोडेथोडके नाही. व्यवस्थापनाचा इतिहास चुकांनी भरलेला आहे. अमेरिकेत १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानात लांडगे मारणे हे कामच समजले जात होते, आणि १९२६पर्यंत तिथले लांडगे संपले. मग एल्क हरणे बेसुमार वाढली, तर त्यांनाही पकडून बाहेर पाठवावे आणि गोळ्या घालाव्या लागल्या. लांडगे परत आणायला १९९५ साल उजाडले. दोन हिवाळ्यांत कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, तरी ओढ्याकाठची विलोची झुडपे सगळीकडे सावरली नाहीत, कारण मधल्या काळात बीव्हर गेले होते, त्यांचे बांध फुटले होते, ओढे खोल कापले गेले होते आणि जमिनीखालचे पाणी उतरले होते. एक चूक दुरुस्त केल्याने साखळीतल्या पुढच्या चुका आपोआप दुरुस्त होत नाहीत. आगीच्या बाबतीत तर अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ साली नियमच केला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या महाकाय सिकोया वृक्षांची साल साठ सेंटिमीटरपर्यंत जाड असते ती आगीसाठीच. त्यांची शंकूफळे वर्षानुवर्षे बंद राहतात, आगीच्या धगीने वाळून उघडतात, आणि बी रुजायला राखेखालची उघडी माती व वरून ऊन लागते. आगी विझवत राहिल्याने नवी रोपे उगवेनाशी झाली, आणि फरची सावलीत वाढणारी झाडे दाटून जमिनीवरची आग थेट शेंड्यापर्यंत नेणारी शिडी तयार झाली. २०२० सालच्या एकाच कॅसल आगीत जगातल्या मोठ्या सिकोया वृक्षांपैकी दहा ते चौदा टक्के मेल्याचा अंदाज आहे. हजार-दोन हजार वर्षे आगी सोसलेली झाडे होती ती.

पाण्याचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात तीनशेहून अधिक विंधणविहिरी खोदून पाणवठे केले गेले. हेतू चांगलाच होता, दुष्काळात प्राणी मरू नयेत. उत्तरेकडच्या कोरड्या मैदानात पाणी आले तसे झेब्रे आणि विल्डबीस्ट तिथे कायमचे राहू लागले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि उंच गवतात पिल्ले लपवून जगणारा दुर्मीळ रोअन कुरंग दोन्हीकडून चेपला गेला. १९८६ साली तिथे साधारण ४५० रोअन होते, १९९३ साली ४५च्या आसपास उरले. दुष्काळाचा वाटा त्यात होताच. नंतर त्या भागातले पाणवठे बंद केले, झेब्रे पांगले, पण रोअन पूर्वीच्या संख्येला आले नाहीत. टँकरची मागणी करणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

काही न करण्यानेच जिंकलेली उदाहरणेही आहेत. जर्मनीच्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३ साली वादळाने झाडे आडवी झाली, तेव्हा व्यवस्थापनाने ती उचलायची नाहीत असे ठरवले. पुढे १९९०च्या दशकात साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे हजारो हेक्टर जंगल वाळवले. डोंगरच्या डोंगर करडे दिसू लागले, आसपासचे लोक संतापले, आणि तरी आतल्या भागात कोणी करवत चालवली नाही. पडलेल्या खोडांच्या आडोशाने नवे जंगल उगवले, आधीच्यापेक्षा मिश्र आणि वेगवेगळ्या वयाचे. उलट पोलंडने २०१६ साली त्याच भुंग्यांचे कारण पुढे करून बियालोवियेझा या प्राचीन जंगलातली तोड जवळपास तिप्पट करण्याचा निर्णय घेतला, आणि एप्रिल २०१८मध्ये युरोपीय न्यायालयाने ती तोड बेकायदा ठरवली. व्यवस्थापन हा शब्द कुऱ्हाडीवर घातलेला अंगरखा कसा होऊ शकतो ते तिथे दिसले. अधिवास-सुधारणेच्या नावाखाली रस्ते, बंधारे, शोभेची झाडे आणि निरीक्षण मनोरे उभे राहतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याचा अविश्वास मला रास्त वाटतो.

पण अविश्वासातून धोरण निघत नाही. बव्हेरियात न करणे का चालले आणि इंग्लंडच्या कुरणात का अंगाशी आले, हा प्रश्न विचारल्याशिवाय दोन्ही उदाहरणे निरुपयोगी आहेत. उत्तर फारसे गूढ नाही. स्प्रूसच्या जंगलात वादळ, भुंगा, बुरशी, बी आणि रोपटे ही सगळी मंडळी हजर होती. झाड पाडणारा आत होता आणि नवे उगवणाराही आतच होता. कुरणात मात्र गवत वाढवणारा होता आणि गवत खाणारा नव्हता. म्हणजे प्रत्येक तुकड्यापुढे उभे राहून विचारायचा प्रश्न असा: ही जागा जशी आहे तशी राखण्याचे काम आजवर कोण करत होते, आणि तो करणारा आज हद्दीच्या आत आहे का? असेल तर बाजूला व्हावे आणि लोकांचा संताप सोसावा, बव्हेरियाने सोसला तसा. नसेल तर एकतर त्याला परत आणावे, नाहीतर त्याचे काम आपण अंगावर घ्यावे. दोन्ही करायचे नसेल तर ती जागा बदलून काय होणार आहे ते आधीच लिहून ठेवावे आणि लोकांना सांगावे.

हा प्रश्न टाळला की काय होते ते नेदरलँड्समधल्या ओस्टवार्डर्सप्लासनमध्ये सगळ्यांनी पाहिले. समुद्र हटवून मिळवलेल्या सुमारे ५,६०० हेक्टर जमिनीवर १९८०च्या दशकात रानटी बाण्याची गुरे आणि कोनिक घोडे सोडले, १९९२ साली लाल हरणे आली, आणि संख्या निसर्गावर सोपवली. पण निसर्गातली निम्मी यंत्रणा तिथे नव्हतीच. शिकारी प्राणी नव्हता, आणि हिवाळ्यात चारा संपल्यावर निघून जायला वाट नव्हती. दुसऱ्या जंगलाकडे नेणारा नियोजित पट्टा रद्द झाला होता. २०१७-१८च्या हिवाळ्यात पाच हजारांहून थोड्या अधिक जनावरांपैकी तीन हजारांवर गेली. त्यातल्या बहुतेकांना उपाशी तडफडण्याआधी रक्षकांनीच गोळ्या घातल्या, आणि लोक कुंपणावरून पेंढ्या फेकत राहिले. अखेर मोठ्या जनावरांची संख्या ११००च्या आसपास राखायची असे ठरले. पेंढ्या फेकणाऱ्यांना हिणवणे सोपे आहे. पण कुंपण घालून शिकारी आणि वाट दोन्ही काढून घेतल्यावर ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणारा खरोखर निसर्गावर विश्वास ठेवत होता का? रक्षकाच्या बंदुकीवर ठेवत होता. मोठ्या प्रदेशात हे गणित थोडे बदलते हे मान्य. केनियातल्या त्सावोमध्ये १९७०-७१च्या दुष्काळात हजारो हत्ती मेले. संख्या आधीच कमी करा असे शास्त्रज्ञ रिचर्ड लॉज सांगत होते, हात लावू नका असे उद्यानाचे अधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक. नंतर झाडोरा सावरला हे खरे. त्सावो वीस हजार चौरस किलोमीटरच्या पुढचा आहे, त्याला असा धक्का पचतो. जगातली बहुतेक राखीव क्षेत्रे त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नाहीत.

आणि ‘काम करणारा’ म्हणताना माणसालाही त्यात धरावे लागते, हे दोन्ही बाजूंना अवघड जाते. भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानात १९८२ साली म्हशी आणि गुरांची चराई बंद केली गेली. चराईने पक्ष्यांचे नुकसान होते हा समज इतका पक्का होता की तो तपासायची गरज वाटली नाही. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्या दशकात तिथे दीर्घ अभ्यास केला, तेव्हा उलटेच चित्र पुढे आले. म्हशी पाण्यात उतरून जे पास्पालम गवत खात होत्या ते आता मोकाट वाढून उथळ पाणी झाकत होते, मासे आणि पक्षी दोघांचीही जागा आकसत होती. पुढे गवत हाताने कापून न्यायची परवानगी द्यावी लागली, पण म्हैस जशी पाण्यात बसून, तुडवून, उपटून गवत मोडते तसे विळा मोडत नाही. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीतल्या मूळ रहिवाशांना १८५१ साली बंदुकीच्या धाकाने हाकलले. ते दरवर्षी कुरणे जाळत असत, म्हणूनच पहिल्या प्रवाशांना ती दरी बागेसारखी मोकळी दिसली होती. माणसे गेल्यावर कुरणांत सूचिपर्णी झाडे घुसली. उलटा प्रवासही करता येतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६पासून सुमारे २८ हजार चौरस किलोमीटरवर आदिवासी रक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवत अर्धवट ओले असताना, पायी आणि हेलिकॉप्टरमधून छोट्या छोट्या आगी लावतात. त्यामुळे ऋतूच्या शेवटी लागणारे प्रचंड वणवे अडतात. मी इथे लोकांना जंगलात मोकळे सोडा असे म्हणत नाही. ज्या घनतेने, ज्या ऋतूत, ज्या जनावरांसह ते काम होत होते ती घनता आज दसपट झाली असेल तर तेच काम नासधूस ठरते. म्हणून मोजावे लागते.

मोजून केलेले काम म्हणजे काय, ते आगीवरून सांगतो, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहेत. गवताळ तुकडा जाळायचा तर आधी त्याच्या भोवती जाळरेषा काढतात, निदान पाच-सहा मीटर रुंद, उंच गवतात त्याहून जास्त, आणि ती मातीपर्यंत साफ. हवा अगदी पडलेली असताना जाळ लावणे हे नवख्याचे काम, कारण तेव्हा आग कुठल्या दिशेला वळेल सांगता येत नाही. ताशी पाच ते पंधरा किलोमीटरचा, एकाच दिशेचा वारा हवा. हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली गेली असेल तर त्या दिवशी घरी परतावे. आधी दोन मीटरचा तुकडा पेटवून ज्वाला किती उंच जाते आणि धूर कुठे जातो ते बघतात. मग वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या टोकाला पहिली आग लावतात, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि पंधरा-वीस मीटरचा काळा पट्टा तयार करते. नंतर दोन्ही कडा, आणि सर्वांत शेवटी वाऱ्याबरोबर धावणारी आग, जी त्या काळ्या पट्ट्यावर येऊन मरते. चारही बाजूंनी एकदम पेटवले की आतल्या प्राण्याला वाटच राहत नाही. आग विझल्यासारखी दिसली तरी ओंडके, बुंधे आणि वाळके शेण दोन-तीन दिवस आतून धुमसत असतात. नंतर वारा सुटला की त्यातूनही जाळ हाताबाहेर जाऊ शकतो. आणि एका वर्षी एकतृतीयांशापेक्षा जास्त जाळू नये. आसामच्या गवतात राहणारे पिग्मी हॉग, जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीचे रानडुक्कर, सलग जाळलेल्या मैदानात लपायला गवत न उरल्याने मारले जाते. त्याच गवताला मात्र अधूनमधून आग न मिळाल्यास ते झाडोऱ्याखाली जाते. जाळणे आणि न जाळणे या दोन्हींनी तोच प्राणी संपू शकतो. त्याला वाचवते ती तुकड्यांची मांडणी.

रानभर पसरणाऱ्या घाणेरीचेही (लँटाना) तसेच आहे, फक्त तिथे चूक आळसाची असते. वरून छाटलेली घाणेरी दुप्पट फांद्यांनी फुटते, तरी कामाची मोजणी हेक्टरांत होते म्हणून छाटणीच चालू राहते. प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडतात, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतात तो भागच पुन्हा फुटतो. मग संपूर्ण झुडूप उलटे करून, मुळे आकाशाकडे, वाळत ठेवतात, नाहीतर मातीला टेकलेली फांदी मुळे धरते. हे फळे धरण्याआधी करायचे. यंत्राने उपटले तर माती इतकी उकरली जाते की आत दडलेले बी एकदम उगवते. खरे काम पुढच्या पावसाळ्यांचे आहे. पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि ओढ्याच्या काठाने रोपे येतात ती निदान तीन वर्षे उपटत राहायची, आणि मोकळ्या जमिनीवर लगेच स्थानिक गवताचे बी टाकायचे, नाहीतर घाणेरीच्या जागी दुसरे तण येते. पहिल्या वर्षाचा खर्च मंजूर होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा होत नाही, इथे बहुतेक प्रयत्न फसतात. सगळी घाणेरी एका दमात काढणेही चूक आहे. दुसरा आडोसा उरलेला नसेल तर प्राणी तिच्यातच दडतात, म्हणून पट्ट्यापट्ट्याने, आधीचे गवत उभे राहिल्यावर पुढचा पट्टा.

टँकरच्या मागणीला इथे उत्तर देता येते. मोठे तृणभक्षक पाण्यापासून रोज पाच-दहा किलोमीटरपर्यंत चरायला जातात. पाणवठे दहा किलोमीटरपेक्षा जवळजवळ ठेवले की ज्या पट्ट्यात पूर्वी फक्त पावसाळ्यात चराई होत असे तिथेही बारमाही तोंडे लागतात, आणि दुष्काळासाठी राखून राहिलेले गवत कुठेच उरत नाही. त्सावोतले हत्ती मेले ते पाण्याच्या आसपास, आणि मेले भुकेने. पाणी होते. पाण्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरातला चारा संपला होता, आणि पिल्लांमुळे लांब जाऊ न शकणाऱ्या माद्या आधी गेल्या. म्हणून पाणवठा करायचाच तर तो बंद करता येण्याजोगा असावा, बशीसारखा उथळ असावा म्हणजे लहान प्राणी पडून बुडत नाहीत, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी तो कोरडा ठेवण्याइतके धैर्य असावे. पर्यटकांना प्राणी तिथेच दिसतात, त्यामुळे तो कोरडा ठेवायला विरोध कोणाचा होतो हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे मान्य केले तरी ‘उद्या पुन्हा चुकणार नाही कशावरून’ हा प्रश्न उरतो. चुकू. पण क्रुगरची आणि भरतपूरची चूक कळली ती कोणीतरी मोजत होते म्हणून. क्रुगरने पुढे हीच गोष्ट पद्धतीत बसवली. एखाद्या जातीची संख्या, मोठ्या झाडांचे प्रमाण, नदीतला गाळ यांसाठी आधीच मर्यादा ठरवायच्या आणि ती ओलांडली जाण्याची चिन्हे दिसली की चर्चा सुरू करायची, प्राणी मरून पडेपर्यंत थांबायचे नाही. लहानशा राखीव क्षेत्रालाही हे परवडते. कुरणात दहा बाय दहा मीटरच्या चार-पाच चराईबंद चौकटी उभ्या करायच्या, त्यांच्या शेजारी तेवढ्याच उघड्या जागा खुणावून ठेवायच्या, आणि दरवर्षी त्याच महिन्यात गवताची उंची, जाती आणि उघडी माती नोंदवायची. त्याच खांबावरून, त्याच दिशेने एक छायाचित्र. चार वर्षांत आत आणि बाहेर यांतला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. निम्मे क्षेत्र मुद्दाम न छेडता ठेवले तर ‘काहीच न करणे’ हाही एक प्रयोग होतो आणि त्याच्या बाजूने पुरावा मिळू शकतो. हात लावू नका म्हणणाऱ्यांनी खरे तर या चौकटींचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

ब्रिटनमध्ये १९८३पासून स्वीडनमधून आणलेले लार्ज ब्लू पुन्हा सोडले गेले, आणि ते टिकले. आज त्या उतारांवर ऐन फुलोऱ्यात जनावरांचा भार कमी करतात, म्हणजे थाइमची फुले खाल्ली जात नाहीत, आणि शरदापासून वसंतापर्यंत गवत पुन्हा चरून आखूड ठेवतात. उंची मोजतात, मुंग्या मोजतात. पुढच्या वेळी कुठे वणवा लागेल, तलाव भरून येईल किंवा कळप उपाशी मरतील, तेव्हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्या राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापकाकडे आधी त्याची नोंदवही मागावी. या तुकड्यात शेवटचा जाळ कधी लावला, शेवटची चराई कधी झाली, पाणवठा कोणत्या वर्षी बंद ठेवला, आणि हे केले नाही तेव्हा काय होईल असे तुम्ही कुठे लिहून ठेवले होते?